खोबरेल की लीव्ह-इन कंडिशनर?

वाघोलीची मावसबहीण अडून बसलीये: दाट कुरळ्या केसांना खोबरेल लावू की लीव्ह-इन (न्हाल्यावर लावून न धुता तसंच ठेवायचं कंडिशनर)? तिच्या केसांवर पाणी ओतलं की थेंब मोत्यांसारखे घरंगळतात, आणि एकदा भिजले की वाळता वाळत नाहीत. म्हणजे केसांवरचे खवले घट्ट मिटलेले, सच्छिद्रता कमी, पाणी सहज आत-बाहेर होत नाही. बाटलीवर काय लिहिलंय ते सोडून देऊ.

ओलाव्याचं म्हणाल तर तेलात पाणी नसतंच; ते आहे तो ओलावा फार तर धरून ठेवतं. खोबरेल केसात मुरतं, धुताना प्रथिनं कमी झिजतात, हे खरं. पण असे केस पटकन तेलकट होतात, आणि कोरड्या केसांवर थापलं तर पाणी आणखीच लांब. लीव्ह-इनमध्ये पाणी असतं, बहुधा ग्लिसरीनही. पातळ घ्यायचं, शिया बटरचं जाड नको. कोमट पाण्याने न्हाऊन केस निथळत असतानाच, बटा मुठीत दाबत लावायचं. टॉवेलने खसाखसा पुसून मग लावलं तर वरच बसतं.

खर्चात खोबरेल जिंकतं, वादच नाही.

मेहनत मात्र उलटी. तेल काढायला शाम्पू दोनदा, त्यात टँकर-बोअरचं क्षाराचं पाणी, फेस येईल तर शपथ! लीव्ह-इनचाही थर साचतो, पण अधूनमधून क्लॅरिफायिंग, म्हणजे साचलेलं खरवडून काढणाऱ्या शाम्पूने निघतो.

रोज केस मोकळे सोडणारीने लीव्ह-इनच घ्यावं. आठवड्यातून एकदाच न्हाणारी, रंगवलेल्या किंवा झिजलेल्या टोकांची असेल, तर न्हाण्याआधी तासभर खोबरेल, तेही टोकांनाच.