फराळाच्या दिवसांत इंटरडेंटल ब्रश: वसुबारस ते तुळशीचे लग्न

दातांच्या फटींमधून फिरवायचा एक छोटा ब्रश मिळतो. औषधांच्या दुकानात तो इंटरडेंटल ब्रश या नावाने मागावा लागतो. यंदा वसुबारसेच्या आधी मी तो विकत घेतला आणि तुळशीच्या लग्नापर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा दिवस, एकही रात्र न चुकवता वापरला. घेण्यामागे गेल्या दिवाळीचा अनुभव होता. डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढांमध्ये अनारशाची खसखस जाऊन बसली, ती निघावी म्हणून मी आधी नखाने आणि मग आगकाडीच्या टोकाने कोरत राहिले, आणि भाऊबीजेच्या दिवशी हिरडी एवढी सुजली की भावाला ओवाळून झाल्यावर त्याच्यासोबत जेवायला बसले खरी, पण घास सगळा उजव्या बाजूनेच चावला. दाताच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की खसखशीपेक्षा काडीनेच जास्त इजा झाली आहे, आणि वयानुसार हिरडी थोडी खाली सरकल्यामुळे त्या जागी फट पडली आहे, तेव्हा तिथे काडी घालणे कायमचे बंद करावे.

वस्तू अगदी साधी आहे. बोटभर दांडी, तिच्या टोकाला प्लास्टिकचा लेप दिलेली बारीक तार आणि तारेभोवती नायलॉनचे मऊ केस. बाटली धुण्याचा ब्रश कोणी मुंगीच्या मापाने करावा, तसा तो दिसतो. काही प्रकारांत मान सरळ असते, काहींत वाकडी. मागच्या दाढांसाठी वाकड्या मानेचा ब्रश जास्त सोयीचा वाटला, कारण सरळ ब्रश तिथवर नेताना गालाला अडतो.

या वस्तूबद्दल माझी मुख्य तक्रार मापाची आहे. मी प्रथम ज्या दुकानातून पाकीट घेतले, तिथे माप विचारलेही नाही आणि सांगितलेही नाही. तो ब्रश माझ्या फटीला जाड होता. दुसऱ्या रात्री मी तो जरा जोर लावून आत ढकलला, तार मानेपाशी वाकली आणि तिसऱ्या रात्री तुटून हातात आली. तारेचा तुकडा हिरडीत रुतला नाही, एवढेच समाधान. मग मी डॉक्टरांकडे जाऊन दोन-तीन मापे लावून पाहिली. समोरच्या दातांसाठी एक बारीक आणि दाढांसाठी त्याहून एक पायरी जाड, अशी दोन मापे ठरली. ब्रश फटीतून किंचित अडखळत, पण जोर न लावता जायला हवा, ही त्यांनी दिलेली खूण. पाकिटावर मापाचा आकडा असतो आणि आकडा जितका लहान तितका ब्रश बारीक. रंगावर मात्र विसंबू नये, कारण एका कंपनीचा लाल आणि दुसऱ्या कंपनीचा लाल एकाच मापाचा असेलच असे नाही. जिथे दात एकमेकांना घट्ट चिकटून आहेत, तिथे हा ब्रश घालायचाच नाही. तिथे दोराच चालतो, म्हणजे फ्लॉस.

माप जमल्यावर मात्र या ब्रशने जे दाखवले, ते मला अपेक्षित नव्हते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नेहमीप्रमाणे ब्रश करून, चूळ भरून, तोंड स्वच्छ झाले असे वाटल्यावर मी मुद्दाम नंतर हा ब्रश फिरवला. केसांना चकलीतला एक अख्खा तीळ, चिवड्यातल्या खोबऱ्याचा धागा आणि पिठाचा पांढुरका चिकट लेप लागून आला. तो लेप शंकरपाळ्यांचा असावा, कारण दुपारभर त्याच खाणे चालू होते. नेहमीचा ब्रश दाताच्या पुढच्या, मागच्या आणि वरच्या बाजूला पोहोचतो, पण दोन दातांच्या मधल्या भिंतीला त्याचे केस लागत नाहीत, हे वाचून माहीत असणे वेगळे आणि बेसिनवरच्या दिव्याखाली तो तीळ बघणे वेगळे. दुसऱ्या दिवसापासून मी क्रम बदलला: आधी फटी, मग पेस्ट लावून दात. त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागी पेस्टमधले फ्लोराइडही पोहोचते. दात घासून झाल्यावर पेस्ट नुसती थुंकायची, भरपूर पाण्याने चूळ भरायची नाही, हेही मी याच दिवाळीत शिकले.

पहिले चार दिवस हिरड्यांतून थोडे रक्त आले. अनेकजण इथेच घाबरून ब्रश टाकून देतात. हिरडी आधीच सुजलेली असेल तर ती स्पर्श होताच रक्त सोडते, आणि जागा रोज स्वच्छ राहू लागली की सूज उतरून रक्त थांबते. माझे पाचव्या-सहाव्या दिवशी थांबले. आठवडाभरात थांबले नाही तर तपासून घ्यावे. या उपयोगाबाबत अभ्यासही झाले आहेत. वैद्यकीय पुराव्याचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये फटी स्वच्छ करण्याच्या घरगुती साधनांवरील ३५ चाचण्या एकत्र तपासल्या. नुसत्या ब्रशपेक्षा इंटरडेंटल ब्रशची जोड दिल्यास हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, असे त्यातून दिसले, पण पुरावा फारसा भक्कम नाही हेही तिथे स्पष्ट नोंदवले आहे. म्हणून मी हा ब्रश हिरड्यांसाठी सुचवते, कीड लागणारच नाही अशा हमीसाठी नव्हे.

किडीचे गणित निराळे आहे, आणि आपल्या दिवाळीची खरी अडचण तिथेच आहे. तोंडातले जंतू साखर आणि पीठ यांपासून आम्ल बनवतात. आम्ल वाढले की त्याचे माप, म्हणजे पीएच, उतरते. ते साधारण ५.५ च्या खाली गेले की दाताच्या आवरणातील खनिजे विरघळू लागतात, आणि लाळेला पीएच पूर्ववत आणायला अर्धा-पाऊण तास लागतो. पाडव्याला आपण सकाळी अकरा ते रात्री नऊ पाच घरी जातो आणि प्रत्येक घरी ताटली पुढे येते, म्हणजे लाळेला सवड मिळतच नाही. स्वीडनमधील विपेहोम येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी देऊन १९४० च्या दशकात जे प्रयोग झाले आणि ज्यांचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले, ते माणुसकीला धरून नव्हते. पण जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांमध्ये वारंवार खाल्लेली चिकट साखर दातांना कितीतरी अधिक नासवते, हे त्यांतूनच ठळकपणे पुढे आले. त्यामुळे यंदा आमच्या घरी करंजी, अनारसा आणि संत्रा बर्फी जेवणाच्या ताटातच वाढली, येता-जाता डबा उघडणे बंद केले. याच सुमारास आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात. संत्रे खाल्ल्यावर लगेच कुठलाही ब्रश लावू नये. साध्या पाण्याने चूळ भरून तासभर थांबावे, कारण आम्लाने मऊ झालेले आवरण घासले जाते.

घरात इतरांनीही हा ब्रश वापरून पाहिला. सासूबाईंच्या वरच्या बाजूला ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांना जोडलेला पक्का कृत्रिम दात, बसवलेला आहे आणि त्याखाली पोह्यांचा कण अडकला की त्यांची झोप उडत असे. त्यांना याचा सर्वाधिक उपयोग झाला, फक्त बारीक दांडी नीट धरता येत नाही म्हणून मी लांब दांडीचा घेऊन दिला. दीरांचा अनुभव मात्र मला अजून बेचैन करतो. ते बरीच वर्षे खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण, खातात. मागच्या दाढेपर्यंत ब्रश जाईना, तेव्हा मी त्यांना तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितली. जेमतेम दोन गेली. सुपारीमुळे तोंडाचे आतले अस्तर असे कडक होत जाते आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. मी ब्रश परत घेतला आणि त्यांना नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात तपासणीला जायला लावले. आमच्या नागपुरात ज्या घरी खर्रा येतो, त्या घरी दिवाळीच्या ताटलीआधी ही तीन बोटे मोजून घ्यावीत.

पाच ब्रशांच्या पाकिटाला मी २४० रुपये दिले. धुऊन, झटकून, उघड्यावर वाळवला तर एक ब्रश मला आठवडा-दहा दिवस पुरतो. केस पिंजले किंवा तार वाकली की टाकून द्यावा. तुळशीच्या लग्नाच्या रात्री ती डावीकडची फट तपासली. खसखस नव्हती, हिरडी गुलाबी होती, आणि त्या बाजूने मी ऊस चावून खाल्ला.