सलाईन, नाकातली नळी, डब्याची पावडर की घरचं वरण: आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्यांसाठी

"मॅडम, सलाईन तं चालूच हाय नं, मंग नाकात नळी कायले टाकता?"

2021 च्या उन्हाळ्यात हा प्रश्न मी दिवसातून चार-पाच वेळा ऐकत होते. फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळकडे कोरोनाचे रुग्ण वाढायला लागले आणि एप्रिलपर्यंत आमच्या अतिदक्षता विभागात खाट रिकामी राहीनाशी झाली. मी तिथे आहारतज्ज्ञ. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. ते बाहेर मंडपात बसायचे, डबा गेटवर ठेवायचे, त्यावर चिकटपट्टी लावून नाव आणि बेड नंबर लिहायचे. ती लाट गेली, पण मंडपातले प्रश्न तेच आहेत. आज खाटेवर न्यूमोनियाचा पेशंट असेल, नाहीतर फवारणीत विषबाधा झालेला किंवा साप चावलेला. डॉक्टर विचारतात, जेवण द्यायला नाकातून पोटात नळी टाकायची का? सिस्टर सांगते, पाण्यात कालवून द्यायच्या तयार पोषक पावडरचा डबा आणा. घरून फोन येतो, डबा कशाला, मी वरण करून पाठवते. ठरवायचं तुम्हाला असतं आणि हातात वेळ नसतो.

सलाईनमध्ये जेवण नसतं

आधी हा गैरसमज काढू, कारण पुढचे सगळे चुकीचे निर्णय याच्यावर उभे राहतात. मिठाच्या साध्या सलाईनमध्ये एकही कॅलरी नसते. ग्लुकोजची अर्ध्या लिटरची बाटली, जिला वॉर्डात 'फाइव्ह डी' म्हणतात, तिच्यात 25 ग्रॅम साखर असते. म्हणजे चहाचे पाचेक चमचे, शंभराच्या आत कॅलरी, आणि प्रथिनं शून्य. दिवसाला तीन बाटल्या गेल्या तरी तीनशेच्या वर आकडा जात नाही.

60 किलोच्या माणसाला अतिदक्षता विभागातल्या पहिल्या आठवड्यात रोज 900 ते 1200 कॅलरी लागतात, सावरायला लागल्यावर 1500 ते 1800. प्रथिनं हळूहळू वाढवत 75-80 ग्रॅमपर्यंत न्यायची असतात. ती बाहेरून मिळाली नाहीत की शरीर स्वतःचे स्नायू मोडतं. मांड्या उतरलेल्या दिसतात, पण श्वास ओढणारे स्नायूही त्याच वेळी उतरत असतात, ते दिसत नाहीत. मग व्हेंटिलेटर काढायची वेळ येते तेव्हा छातीत जोर उरलेला नसतो.

तोंडाने की नळीने

व्हेंटिलेटर लावलेल्या पेशंटला तोंडाने खाता येत नाही, तिथे नळीच लागते. खरा पेच मास्कवाल्या पेशंटचा आहे. बायपॅप, म्हणजे तोंडा-नाकावरच्या घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, लावलेला माणूस जागा असतो, बोलतो, "भूक नाही" म्हणतो. तोंडाची चव गेलेली असते, वास येत नसतो. मास्क काढून दोन घास दिले की मॉनिटरवर ऑक्सिजन 93 वरून 84 वर येतो, सिस्टर घाईने मास्क परत लावते, ताट तसंच राहतं. संध्याकाळी घरच्यांना निरोप जातो, "थोडं खाल्लं." मी अशी ताटं परत आल्यावर पाहिली आहेत. पोळीचा एक तुकडा तोडलेला आणि वरणाला हातही न लावलेला. असं पाच दिवस चाललं की पेशंट उपाशीच असतो, फक्त कुणाच्या नोंदीत ते येत नाही.

मास्क थोडा थोडा वेळ निघत असेल तर तोंडानेच द्यावं, पण पातळ आणि भारी: दुधात कालवलेली पावडर, अंडं फेटून शिजवलेली खीर, दाट सूप, दर दोन तासांनी अर्धा पेला. दोन-तीन दिवस गरजेच्या निम्मंही जात नसेल तर नळीला हो म्हणा. नळीमुळे मास्कच्या कडेने थोडी हवा गळते, पोट फुगू शकतं, म्हणून डॉक्टर कधी थांबायला सांगतात. ते त्यांच्यावर सोडा. पण "नळी टाकली म्हणजे माणूस गेला" या भीतीने नाही म्हणू नका. आमच्याकडे गावागावात ही भीती आहे, कारण नळी लावलेला माणूस घरच्यांनी शेवटच्या दिवसांतच पाहिलेला असतो. नळी मरणाची खूण नाही. ती पंधरा दिवसांची सोय आहे आणि माणूस गिळायला लागला की एका मिनिटात निघते.

नळीने जेवण सुरू असताना खाटेचं डोकं 30 ते 45 अंश वर हवं. नाकपुडीजवळ नळीवर सिस्टरने पेनाने खूण केलेली असते. ती खूण बाहेर सरकलेली दिसली तर कुणी काही टाकायच्या आत सांगा. पालथं झोपवलेल्या पेशंटलाही नळीतून देता येतं, वेग कमी ठेवून.

नळीतून की शिरेतून

शिरेतून पूर्ण जेवण देण्याच्या खास पिशव्या असतात. त्यांत ग्लुकोज, स्निग्ध पदार्थ आणि अमिनो आम्लं असतात, आणि त्या बहुधा मानेतल्या मोठ्या शिरेतून जातात. खर्च नळीच्या कितीतरी पट येतो, जंतुसंसर्गाची भीती असते, साखर चढते, आणि रोज रक्ताच्या तपासण्या लागतात. आमच्याकडे पोटॅशियम तासाभरात कळतं, फॉस्फरसचा नमुना मात्र बाहेर पाठवावा लागतो. तालुक्याच्या गावात हा मार्ग निवडण्याआधी, या तपासण्या तिथेच होतात का, एवढं एक विचारून घ्या.

2014 मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे 2400 पेशंटवर हे दोन्ही मार्ग ताडून पाहिले, तेव्हा महिनाभरातल्या मृत्यूंमध्ये फरक निघाला नाही. म्हणजे महागडी पिशवी लावली म्हणून माणूस जास्त वाचत नाही. आतडं चालत असेल तर नळी. आतडं अडकलं असेल, फुटलं असेल, किंवा आठवडा उलटूनही नळीतून पुरेसं जात नसेल, तेव्हा शिरेतून.

एक अपवाद लक्षात ठेवा. ज्याचा बीपी औषधाच्या मोठ्या डोसवर कसाबसा टिकवलेला आहे, त्याला नळीतून घाईने भरपूर दिलं तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. 2018 मधल्या फ्रान्सच्या मोठ्या चाचणीत हे दिसलं. अशा वेळी डॉक्टर "आज काही नको" म्हणाले तर तो हलगर्जीपणा नाही.

"एवढंसंच देता?" हा दुसरा राग. पहिल्या दिवशी ताशी 20 मिलीलिटर, म्हणजे चार चमचे, इतकंच जाताना दिसतं. हे मुद्दाम असतं. आजाराच्या पहिल्या दिवसांत शरीर स्वतःच साखर सोडत असतं, वरून भरलं तर अंगी लागत नाही. आणि आपल्याकडचा पेशंट बरेचदा 40-42 किलोचा, घरी आठ-दहा दिवस तापात काही न खाल्लेला येतो. त्याला एकदम पूर्ण जेवण दिलं तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं आणि हृदय बिघडू शकतं. म्हणून आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, मग थोडं थोडं. पेशंट किती दिवस उपाशी होता हे डॉक्टरांना फक्त तुम्हीच सांगू शकता. न विचारता सांगा.

डबा की घरचं

इथे माझं मत स्पष्ट आहे, आणि ते घरच्या जेवणाच्या विरोधात नाही.

त्या मे महिन्यात झरीकडचा एक मुलगा रोज थर्मास घेऊन यायचा, आईसाठी. एसटी बंद होती, मोटारसायकलवर दोन तास, डोक्यावर 44-45 अंशांचं ऊन. एकदा मी थर्मास उघडून बघितला. तुरीच्या वरणाचं वरचं पाणी होतं, पिवळं, नितळ, हिंगाचा वास असलेलं. घरी मावशीने मुद्दाम वरचं काढलं होतं, नळीत अडकू नये म्हणून. डाळ सगळी घरच्या पातेल्यात राहिली होती. त्या थर्मासभर पाण्यात प्रथिनं जेमतेम दोन-चार ग्रॅम असतील. एवढी माया, एवढा प्रवास, आणि बाईच्या पोटात जवळजवळ काहीच जाणार नव्हतं.

नळीचं जेवण तोलून-मापून करावं लागतं. आम्ही एक लिटरला अर्धा लिटर दूध, 50 ग्रॅम मोड आलेल्या ज्वारीचं पीठ, 50 ग्रॅम मूगडाळ, 20 मिली तेल, 30 ग्रॅम साखर आणि दोन उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग घेतो. हिशेबाने हजार कॅलरी आणि 40 ग्रॅम प्रथिनं होतात. पीठ मोडाचंच हवं. साध्या पिठाची लापशी थंड झाली की गोळा होते, मोड आलेल्या धान्यातला रस पिठूळपणा फोडतो आणि लापशी पातळ राहते. एवढं करूनही गाळणीत चोथा उरतो, म्हणजे हिशेबातलं सगळं पोटात पोचत नाही. बारीक नळीत हे फीड तुंबतंही. जाड, 14 किंवा 16 नंबरची नळी असेल तरच घरचं फीड नीट जातं. आणि केल्यापासून दोन तासांत ते संपायला हवं. झरीहून आलेला थर्मास गेटवर पोचतानाच दोन तासांचा झालेला असायचा.

पावडरचं वेगळं आहे. प्रमाणात कालवली तर एका मिलीलिटरला साधारण एक कॅलरी, रोज तीच. किती गेलं ते सांगता येतं. स्टेरॉइडमुळे साखर चढलेली असेल तर त्या पेशंटसाठी वेगळी पावडर मिळते, मूत्रपिंड बिघडलेल्यासाठी आणखी वेगळी. साखर चढू देणं किती महागात पडतं ते विदर्भाने त्याच 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी पाहिलं. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर घरून आलेलं नारळपाणी आणि मोसंबीचा रस यांतलं पोटॅशियम जिवावर बेतू शकतं, आणि नेमकं हेच दोन पदार्थ लोक सगळ्यात आधी आणतात.

पण पावडरमध्येही फसगत होते. 400 ग्रॅमच्या डब्यात साधारण 1700 कॅलरी आणि 60 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे पूर्ण जेवण त्याच्यावर असेल तर एक डबा जेमतेम एक दिवस पुरतो. लोकांना वाटतं आठवडा जाईल. मग पुरवून पुरवून, पेलाभर पाण्यात दोन चमचे घालून देतात. मी असे पेले हातात घेऊन पाहिले आहेत, पलीकडची बोटं दिसतात. पाणीही महत्त्वाचं. पावडर मुळात निर्जंतुक नसते, त्यात कॅनचं पाणी तसंच ओतलं तर जुलाब होतात आणि दोष डब्यावर जातो. उकळून कोमट केलेलं पाणी घ्या, कालवलेलं फीड बाहेर चार तासांच्या वर ठेवू नका.

तेव्हा ठरवायचं ते असं. पेशंट व्हेंटिलेटरवर आहे, साखर किंवा मूत्रपिंड बिघडलंय, नळी बारीक आहे, तर पावडर. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून मोजून केलेलं फीड मिळत असेल आणि पेशंट स्थिर असेल तर तेही चांगलं, त्यासाठी डब्याचा हट्ट धरू नका. वॉर्डात आणल्यावर दिवसा स्वयंपाकघराचं फीड आणि रात्री पावडर असं अर्धं-अर्धं करता येतं. घरून काही आणायचंच असेल तर दोन तासांच्या आत पोचणारं, आणि आहारतज्ज्ञाला दाखवून.

पैसे कधी खर्च करायचे

बरेच जण इथे उलटंच करतात. आयसीयूत "सलाईन आहे ना" म्हणून डबे टाळतात, आणि सुट्टी झाल्यावर उसनेपासने करून पाच-सहा डबे घरी नेतात. मेडिकलवालाही तेव्हाच आग्रह करतो. तुमच्याकडे दहाच डब्यांचे पैसे असतील तर ते आयसीयूतल्या दिवसांत घाला. घरी गेल्यावर त्या पैशात अंडी, दूध आणि डाळ कितीतरी जास्त येतात आणि प्रथिनंही जास्त देतात.

मधला एक दिवस फार धोक्याचा असतो. घशातली व्हेंटिलेटरची नळी निघते, माणूस डोळे उघडतो, "पाणी" म्हणतो, आणि बायको किंवा आई आनंदाने घोटभर पाणी पाजते. बरेच दिवस नळी राहिल्याने गिळण्याचे स्नायू सुस्त झालेले असतात, ते पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. आवाज घोगरा, ओलसर येत असेल किंवा गिळताना खोकला येत असेल तर तोंडाने काहीच नको, नाकातली नळी आणखी काही दिवस राहू द्या. तपासून झाल्यावर सुरुवात पाण्याने नाही, घट्ट पदार्थाने: दही, दाट लापशी, मऊ खिचडी, ताठ बसवून, एकेक चमचा.

घरी गेल्यावर दिवसाला तीन अंडी, अर्धा लिटर दूध, दोन वाट्या घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे पोटात गेले तर पन्नासएक ग्रॅम प्रथिनं होतात, भाकरी वेगळी. अंडी चालत नसतील तर दूध-दही वाढवा, हरभऱ्याची उसळ द्या. साबुदाण्यावर ठेवू नका, त्यात प्रथिनं नसल्यातच जमा आहेत. दर पंधरा दिवसांनी उपकेंद्रावर आशाताईकडे वजन करा आणि कागदावर लिहून ठेवा. आणि रोज सकाळी त्याला हाताचा आधार न घेता खाटेवरून उठायला सांगा. पहिल्या आठवड्यात जमणार नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही जमत नसेल तर तो कागद घेऊन परत या.