गेटटेक्स्टचा आठ महिन्यांचा अनुभव : भाषांतराची फाइल नेमकी कुठे शोधली जाते?

वाचनालयातील पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारा एक छोटा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला असून, त्यातील संदेश मराठीत दिसावेत म्हणून गेले आठ महिने ग्नू गेटटेक्स्ट ही प्रोग्राममधील संदेशांच्या भाषांतराची प्रणाली वापरत आहे. पीओ फाइलमध्ये (साध्या मजकुराची फाइल) भाषांतर लिहिणे आणि तिची एमओ फाइल (प्रोग्राम वाचतो ते तिचे रूप) तयार करणे यात विशेष अडचण आली नाही. वेळ गेला तो ती एमओ फाइल प्रोग्रामला सापडवून देण्यात.

नियम तसा सरळ आहे. बाइंडटेक्स्टडोमेन या फंक्शनला जी डिरेक्टरी सांगावी तिच्यात भाषेच्या संकेताचे फोल्डर, त्यात एलसी_मेसेजेस आणि त्यात डोमेनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या भाषांतरसंचाच्या, नावाची एमओ फाइल. लोकेल, म्हणजे भाषा व प्रदेशाची निवड, ‘एमआर_आयएन’ (मराठी, भारत) असेल तर आधी त्या नावाचे फोल्डर पाहिले जाते आणि ते नसल्यास नुसते ‘एमआर’. म्हणून फाइल ‘एमआर’मध्ये ठेवणेच सोयीचे. डिरेक्टरीचा पत्ता मात्र पूर्ण द्यावा. मी सापेक्ष पत्ता, म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरमधून सुरू होतो तिथून धरलेला, दिला होता, त्यामुळे टर्मिनलवरून मराठीत चालणारा प्रोग्राम डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून उघडला की इंग्रजीत दिसे.

फाइल न सापडल्यास गेटटेक्स्ट कोणतीही तक्रार न करता मूळ इंग्रजी संदेश दाखवते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण भाषांतर नाही म्हणून काम अडू नये; पण चूक शोधणाऱ्याला त्यामुळे काहीच धागा मिळत नाही. वाचनालयाच्या संगणकावर फाइल जागेवर असूनही मराठी दिसेना, तेव्हा मी एसट्रेस (प्रोग्राम कोणत्या फाइली उघडू पाहतो हे दाखवणारे साधन) लावून पाहिले. प्रोग्रामने एमओ फाइल उघडण्याचा प्रयत्नच केलेला नव्हता! त्या संगणकावर मराठी लोकेल तयार केलेले नसल्याने लोकेल लागू करणारे सेटलोकेल हे फंक्शन अयशस्वी होत होते, आणि प्रोग्राम ‘सी’ या मूळ लोकेलमध्येच राहिल्यामुळे भाषांतराचा शोध सुरूच होत नव्हता. एसट्रेसमध्ये फसलेले प्रयत्न दिसले तर पत्ता तपासावा आणि प्रयत्नच दिसले नाहीत तर लोकेल, हे तेव्हा उमगले.

दुसऱ्या एका संगणकावर लोकेल ठरवणारे लँग हे पर्यावरणातील चल (प्रणालीतील सेटिंग) मराठी होते, परंतु भाषांचा पसंतीक्रम सांगणाऱ्या लँग्वेज या चलात इंग्रजीची यादी होती. या यादीला एलसी_ऑल या सर्व लोकेल-सेटिंग एकदम ठरवणाऱ्या चलापेक्षाही अग्रक्रम असतो, हे मला तोवर माहीत नव्हते.

पुढे अहवालांसाठी पायथॉनचे गेटटेक्स्ट वापरले. ते सेटलोकेलवर अवलंबून न राहता पर्यावरणातील चले थेट वाचते, त्यामुळे मराठी लोकेल नसलेल्या त्याच संगणकावर अहवाल मराठीत आणि मुख्य प्रोग्राम इंग्रजीत, असा प्रकार काही दिवस चालला. शिवाय फॉलबॅक (फाइल नसल्यास मूळ संदेश दाखवण्याची सोय) मागितला नसेल आणि फाइल मिळाली नाही, तर त्याचे ट्रान्सलेशन हे फंक्शन स्पष्ट त्रुटी देते. विकास करताना मला हेच वागणे अधिक उपयुक्त वाटते.

सी प्रोग्रामसाठी मी आता सुरुवातीलाच दोन तपासण्या ठेवल्या आहेत. सेटलोकेलने नल, म्हणजे अपयशाची खूण, परत केले का, हे पाहतो. आणि गेटटेक्स्टला रिकामी स्ट्रिंग देतो. एमओ फाइल सापडली असेल तर उत्तरात तिच्या सुरुवातीची माहिती (हेडर) येते, नसेल तर रिकामी स्ट्रिंगच परत येते, आणि ती आली की लॉगमध्ये शोधाची डिरेक्टरी व लोकेल या दोन्हींची नोंद होते.