गहू, सूर्यफूल पेंड आणि एन्झाइमची भुकटी : तीन बॅचनंतरचे मत

मका आणि सोयाबीन पेंड यांवरचा भार कमी करण्यासाठी आम्ही ब्रॉयलरच्या (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या) फिनिशर, म्हणजे विक्रीपूर्वीच्या शेवटच्या टप्प्यातील खाद्यात तुटका गहू आणि सूर्यफुलाची पेंड घालायला सुरुवात केली, आणि त्यासोबत पचनाला मदत करणाऱ्या फायटेज (फायटेट फोडणारे), झायलनेज (धान्यातील अरॅबिनोझायलन हे तंतू तोडणारे) व प्रोटिएज (प्रथिने तोडणारे) या एन्झाइमची ही मिश्र भुकटी तीन बॅचना वापरली. भुकटी कामाची आहे, पिशवीवरची माहिती मात्र तोकडी आहे.

पहिल्या बॅचला विक्रेत्याच्या सांगण्यावरून ती नेहमीच्या मका-सोयाबीनच्या खाद्यात तशीच वरून टाकली आणि वजनात किंवा एफसीआरमध्ये (एक किलो वजनवाढीसाठी लागणाऱ्या खाद्यात) नजरेत भरेल असा फरक दिसला नाही. दोष भुकटीचा नव्हता. वनस्पतिजन्य घटकांतील फॉस्फरसचा सुमारे दोन-तृतीयांश भाग फायटेट या पक्ष्यांना नीट न पचणाऱ्या संयुगात अडकलेला असतो; फायटेजने तो मोकळा केला तरी डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, खाद्यात घातला जाणारा फॉस्फरसचा पूरक) पूर्वीइतकेच ठेवले, तर जादा फॉस्फरस विष्ठेतून बाहेर जातो आणि खर्च तेवढा वाढतो.

दुसऱ्या बॅचला गहू आला आणि चित्र पालटले. गव्हातील विरघळणाऱ्या अरॅबिनोझायलनमुळे आतड्यातले खाद्य चिकट होते, पचन मंदावते आणि लिटर (शेडमधले तुसाचे अंथरूण) ओले होते. ज्या शेडमध्ये एन्झाइम दिले नव्हते, तिथले पाण्याच्या भांड्यांजवळचे तूस मुठीत दाबले की त्याचा गोळा होत असे. एन्झाइमच्या शेडमधले मूठ उघडताच सुटून पडत असे. सूर्यफुलाच्या पेंडीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि कोणत्याही एन्झाइमने ते तयार होत नाही, म्हणून लायसिन वेगळे घालावेच लागले. (मका घटल्याने पक्ष्यांचे पाय फिकट दिसू लागले, पिवळा रंग मागणाऱ्या गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, ती वेगळी गोष्ट.)

मात्रा टनाला 500 ग्रॅम इतकी अल्प असल्याने भुकटी आधी थोड्या मक्याच्या भरड्यात कालवून मगच मिक्सरमध्ये सोडावी लागते. थेट टाकली तर ती एकसारखी पसरत नाही.

तक्रार उरते ती पिशवीची. त्यावर फायटेजचे युनिट (त्याच्या कार्यक्षमतेचे माप) छापलेले आहेत, पण झायलनेजचे नाहीत, आणि भुकटीवर उष्णतारोधक आवरण आहे की नाही याचाही उल्लेख नाही. पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) बनवताना तापमान 80 अंशांच्या पुढे जाते आणि आवरण नसलेले एन्झाइम तिथे बऱ्याच अंशी निकामी होते, त्यामुळे ही भुकटी आम्ही सध्या फक्त मॅश (गोळ्या न केलेल्या, भरड्याच्या) खाद्यात वापरत आहोत.