मनातली क्षमा की समोरासमोर समेट?

धाकट्या भावानं नांगरताना बांध कोरला, दोन तास (नांगराच्या ओळी) आपल्या शेतात घेतले. प्रभुभोजनाआधी, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीआधी, त्याला मनातच माफ करावं की घरी जाऊन बोलावं? मराठवाड्यातल्या ख्रिस्ती शेतकरी घरांत हा पेच नेहमीचा.

कष्ट पाहिले तर मनातली क्षमा आजच करता येते. बायबलमधलं मार्क 11:25 प्रार्थनेला उभं असतानाच क्षमा करायला सांगतं. समोरच्यानं चूक कबूल करण्याची अट तिथं नाही. समेटाला मात्र दोघं लागतात. लूक 17:3 आधी दोष दाखवायला सांगतं, पश्चात्ताप झाला की क्षमा.

टिकण्याचं म्हणाल तर मनातली क्षमा दर पेरणीला पुन्हा करावी लागते. तिचा अबोला होतो तो इथंच: लग्नाला जाणं बंद, आणि आपण म्हणतो, माफ केलंय.

समेट बहुधा क्रम उलटा झाल्यानं फसतो. मत्तय 18:15-17 प्रमाणे आधी एकट्यानं, मग एक-दोघांना घेऊन, शेवटी मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या लोकांपुढे. आपल्याकडं गोष्ट आधी पारावर जाते, भावाला सगळ्यात शेवटी कळते. बोलताना एवढंच बोला: कोणत्या बाजूचा बांध, किती तास. आजोबांच्या वाटणीपासून सुरुवात करू नका. आणि माफ केलं म्हणून जमिनीची मोजणी मागणं पाप ठरत नाही. जक्कय या जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं होतं (लूक 19:8).

समोरचा वारला असेल, किंवा मारहाण करणारा असेल, तर मनातली क्षमा पुरे. रोमकरांस 12:18 'शक्य असेल तर' असंच म्हणतं. बांध सामाईक असेल तर आधी मनात क्षमा करा, मग त्याच आठवड्यात त्याच्या घरी जा.