नाट्यगीतांचा प्लेअर : एका प्रॉम्प्टरचा अभिप्राय

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुन्या ट्रान्झिस्टरसारखा चेहरा, पोटात हजारो मराठी गाणी आणि वर गोल बटण, अशा डब्यांची आता बाजारात काही कमी नाही. मी घेतला तो फक्त ‘नाट्यगीत’ या एका विभागासाठी.

आवाजाला नावं ठेवणार नाही. खोलीभर पुरतो, ऑर्गनचा खर्जही नीट लागतो. जुन्या तबकड्यांची खरखर काढायच्या नादात तबल्याची चाट कुठंकुठं बोथट झालीय, पण तेवढं चालायचंच. बॅटरी एका संध्याकाळीला पुरते.

माझं दुखणं निराळं आहे. मी सांगलीचा. हौशी संघात बरीच वर्षं विंगेत पुस्तक धरून उभा राहिलोय. त्यामुळं पद, म्हणजे नाटकातलं गाणं, सुरू झालं की त्याच्या आधीचं वाक्य मला आपोआप आठवतं, आणि या डब्यात नेमकं तेच नाही.

‘कशि या त्यजू पदाला’ घ्या. ‘एकच प्याला’त पद्माकर बहिणीला माहेरी न्यायला आलाय आणि सिंधू त्याला नाही म्हणतेय. पद म्हणजे तिचं उत्तर आहे. आमच्या संघातली सिंधू त्या ओळीला भावाची नजर टाळून खाली बघायची. बस. हात नाही, हुंदका नाही. गळा बेताचा, ताना तर गिळायचीच, तरी मागच्या रांगांमधलं खोकणं थांबायचं. पुढं एक चांगल्या तयार गळ्याची बाई आली. समेला टाळ्या पडायच्या, आणि पद्माकर बिचारा आता करू काय म्हणून उपरण्याशी चाळा करत उभा! नट पद कुणाला ऐकवतोय, समोरच्या पात्राला की पहिल्या रांगेला, हे मी तेव्हापासून आधी बघतो. सूर त्यानंतर.

बालगंधर्वांचा साठा मात्र भरपूर दिलाय. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळं वन्समोअर घेत रात्रभर रंगणारं ते गाणं यात मिळणार नाही. तो दोष डब्याचा नव्हे. पण तेवढ्यातही ‘नाही मी बोलत नाथा’मधलं ‘नाथा’ ऐका. एकदा रुसवा, एकदा लाडीगोडी. 1911 साली ‘मानापमान’ आलं त्याला शंभरावर वर्षं झाली, तरी भामिनी डोळ्यांपुढं उभी राहते. अभिनय गळ्यातून करता येतो, तो असा.

नाटककारांत गोविंद बल्लाळ देवल मला सगळ्यांत जवळचे. आमच्या शेजारच्या हरिपूरचे म्हणून असेल, पण तेवढंच नाही. ते स्वतः नटांना तालीम देणारे. त्यांच्या पदांत चाल शब्दांच्या अंगावर चढत नाही. ‘शारदा’तलं ‘मूर्तिमंत भीती उभी’ म्हणताना पोरीच्या डोळ्यांत आधी भीती यायला हवी. ती आली तर साधा गळाही तरून जातो. नाही आली तर मग कितीही आळवा. डब्यात हे पद आहे, आणि गाणारीनं शब्द जपलेत. मी ते पुन्हा पुन्हा लावतो.

मांडणी मात्र एखाद्या वाण्यानं केल्यासारखी. सगळं गायकांच्या नावावर. ‘सौभद्र’ची पदं ओळीनं ऐकायची म्हटली तर सोय नाही. आपोआप वाजायला ठेवलं तर रात्री अकराला, चार पदं होऊन गेल्यावर, ‘पंचतुंड नररुंडमालधर’ सुरू होतं. अहो, नांदी आहे ती! किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’च्या आरंभाला घातलेली, तिच्याआधी काही वाजायचं नसतं.

त्याहून वाईट ‘कट्यार काळजात घुसली’चं. दोन घराण्यांचं भांडण त्या नाटकात एका पदातूनच कळतं. ‘घेई छंद मकरंद’ पंडितजींकडं संथ चालतं, तेच खाँसाहेबांकडं उसळी घेतं. संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी दोन्ही चाली केल्या त्या एकमेकींशेजारी ऐकायला. डब्यात मला खाँसाहेब झालेल्या वसंतराव देशपांड्यांचीच सापडली. भांडणातल्या एकाचीच बाजू ऐकून निकाल द्यायचा कसा?

तर, घ्यावा का? नाटकं पाहिलेल्या माणसाला वाक्यं आठवतात, त्यानं खुशाल घ्यावा. घरातल्या तरुण मुलांना नाट्यसंगीताची गोडी लावायला म्हणून घेत असाल तर थांबा. त्यांना आधी एखादा बरावाईट प्रयोग दाखवा, भले हौशी संघाचा असो. पैसे देण्याआधी दुकानातच नाट्यगीतांची यादी चाळून बघा; आमच्या डब्यात त्या विभागात दोन चित्रपटगीतं घुसलीत. मागच्या बाजूला पेनड्राइव्हची खोबण आहे, ती नक्की चालते ना बघा. भाच्यानं जुन्या कॅसेटवरून ‘संशयकल्लोळ’चा अख्खा प्रयोग वाक्यांसकट पेनड्राइव्हवर भरून दिलाय, सध्या डब्यावर तोच वाजतो. रिमोटचे जादा पैसे मागतात, ते देऊ नका. त्यावरची अक्षरं वाचायला नातवाला हाक मारावी लागते.