ल्युपस: गोळ्यांची पट्टी की वैद्यांची पुडी?

ल्युपस म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटण्याचा आजार, तो किडनीपर्यंतही जाऊ शकतो. त्याचं निदान झालं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, जन्मभर स्टेरॉईड खात बसणार का? दुसरा म्हणतो, किडनीशी खेळ नको. मी काही काळ डॉक्टरांची आणि वैद्यांची, दोन्हीकडची औषधं एकदम घेतली आहेत, म्हणून लिहिते आहे.

ल्युपसवर डॉक्टर देतात ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मूळचं मलेरियाचं औषध. गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि तेवढ्यात माणसाचा धीर सुटतो. डोळ्याच्या पडद्याला जपायचं म्हणून डोस रोज किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. सुरुवातीला एकदा आणि 5 वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासायचे. स्टेरॉईडचा जाच मात्र खरा आहे. माझा चेहरा सुजला, झोप उडाली, भूक आवरेना. पण सकाळी मूठ वळत नव्हती ती वळायला लागली, तीही याच गोळ्यांनी.

वैद्यांनी मला वेळ दिला. झोप, पोट, पाळी, चिडचिड, सगळं निवांत विचारलं. जागरण बंद, जेवणाच्या वेळा ठरलेल्या, रोज प्राणायाम. त्याने थकवा कमी झाला असं मला तरी वाटतं, आणि ते मी आजही सोडलेलं नाही.

अडलं ते पुडीवर. कागदाच्या पुड्या, वर पेनाने एवढंच: सकाळ-संध्याकाळ, मधातून. आत काय आहे विचारलं तर, "विश्वास ठेवा, ताई." पुढच्या तपासणीत लघवीतून जाणारं प्रोटीन वाढलेलं निघालं, म्हणजे किडनीला त्रास होत असल्याची खूण. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय घेता?" मी पर्समधली पुडी टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडली, करड्या पावडरीकडे पाहिलं आणि परत मिटली. पुडीनेच वाढलं असं मी म्हणणार नाही. ल्युपसही तेच करतो. पण नेमकं कशाने, हे शोधायची वाटच बंद झाली. धातूचं भस्म होतं का? प्रतिकारशक्ती वाढवते म्हणतात ती गुळवेल होती का? इथे प्रतिकारशक्तीच अंगावर उलटलेली असते, तिला आणखी चेतवणारं काही नको. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. खरं-खोटं तज्ज्ञ ठरवतील, पण नाव माहीत असलं तर निदान विचारता येतं. पट्टीवर नाव, मिलिग्रॅम, मुदत, सगळं छापलेलं असतं. मला त्याचाच आधार वाटला.

सगळेच वैद्य असे नसतात. घटक लिहून देणारेही आहेत. जायचंच असेल तर त्यांच्याकडे जा आणि ती चिठ्ठी ल्युपसवर उपचार करणाऱ्या संधिवाततज्ज्ञांना दाखवा. पुडी सुरू केली म्हणून स्टेरॉईड एकाएकी तोडू नका, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवतात. किडनीपर्यंत प्रकरण गेलं असेल, तर मी तरी आधी पट्टीच उचलेन. प्राणायामाला कुठलाच डॉक्टर मला नको म्हणालेला नाही.